तुम्ही विचारलंत म्हणून : सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट

चित्रपट-रसास्वादाचे वर्ग घेत असल्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : तुम्ही पाहिलेला सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट कोणता? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा छळाची, रक्तपाताची किंवा विकृतीची दृश्ये असलेले चित्रपट असतात. माझे उत्तर मात्र अनेक वर्षे बदललेले नाही. एलेम क्लिमोव्ह यांचा १९८५ सालचा सोव्हिएत चित्रपट ‘कम अँड सी’ मला सर्वांत अस्वस्थ करतो, आणि तो पडद्यावर जे दाखवतो त्यापेक्षा जे ऐकवतो आणि जे दाखवण्याचे टाळतो त्यामुळे अधिक करतो.

कथा १९४३ सालच्या, जर्मन सैन्याने व्यापलेल्या बेलारूसमधली आहे. फ्ल्योरा नावाचा किशोरवयीन मुलगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि आईच्या आक्रोशाला न जुमानता जंगलात राहून जर्मनांशी गनिमी युद्ध करणाऱ्या पार्टिझन लढवय्यांना जाऊन मिळतो. तुकडी त्याला तळावरच मागे ठेवून निघून जाते आणि त्यानंतर तळावर बॉम्बवर्षाव होतो. स्फोटाने फ्ल्योराचे कान बधिर होतात आणि त्या क्षणापासून आपल्यालाही जग त्याच्याच कानांनी ऐकावे लागते : माणसांचे बोलणे दूर कुठेतरी, पाण्याखालून आल्यासारखे, आणि त्यावर न थांबणारी एक किणकिण. डोळे मिटता येतात, पण या आवाजातून सुटका नाही.

या चित्रपटातले एक दृश्य मी वर्गात नेहमी समजावून सांगतो. फ्ल्योरा आणि त्याला भेटलेली ग्लाशा ही मुलगी त्याच्या गावी परततात. घरात कोणी नाही. चुलीतले सूप अजून गरम आहे, लहान बहिणींच्या बाहुल्या जमिनीवर पडल्या आहेत, आणि घरभर माश्या घोंघावत आहेत. दोघे ते सूप खायला बसतात. घरचे सगळे दलदलीपलीकडच्या बेटावर लपले असतील, असे फ्ल्योरा स्वतःला पटवतो आणि पळत सुटतो. त्याच्यामागे धावणारी ग्लाशा क्षणभर मान वळवते आणि तिला घराच्या भिंतीमागे रचलेला मृतदेहांचा ढीग दिसतो. तो आपल्यालाही दिसतो, पण जेमतेम काही क्षण. फ्ल्योराने मागे पाहिलेलेच नाही. त्यापुढचा दलदलीतला सगळा प्रवास आपण त्याच्याहून अधिक जाणून पाहतो, आणि त्याला ते सांगण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो. एखाद्या दिग्दर्शकाने त्या ढिगाऱ्याभोवती कॅमेरा सावकाश फिरवला असता, तर आपण शहारलो असतो आणि नंतर सावरलोही असतो. क्लिमोव्ह यांनी ती सवड दिलेली नाही.

हा संयम कुठून आला, हे समजण्यासाठी पटकथा कशातून उभी राहिली ते पाहावे लागते. सहलेखक आलेस अदामोविच स्वतः किशोरवयात पार्टिझनांबरोबर लढले होते, आणि १९७०च्या दशकात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह बेलारूसमध्ये फिरून, जाळल्या गेलेल्या गावांतून वाचलेल्या माणसांच्या साक्षी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. अशी ६२८ गावे रहिवाशांसह जाळण्यात आली, असे चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर येते. खातीन हे त्यांतलेच एक गाव. तिथे २२ मार्च १९४३ रोजी १४९ माणसे मारली गेली आणि त्यांत ७५ मुले होती. क्लिमोव्ह यांचेही बालपण युद्धाने होरपळलेले होते : स्टालिनग्राड जळत असताना आई आणि तान्ह्या भावासह त्यांना व्होल्गा नदीपलीकडे नेण्यात आले होते. पटकथेला सरकारी मंजुरी मिळण्यात वर्षानुवर्षे गेली. या चित्रपटानंतर क्लिमोव्ह यांनी २००३ साली मृत्यू येईपर्यंत एकही चित्रपट केला नाही.

शेवटाकडे एका गावातील सगळ्यांना एका लाकडी इमारतीत कोंडून ती पेटवली जाते. इथेही मला ज्वाळांपेक्षा बाहेरच्या सैनिकांचे हसणे, टाळ्या आणि संगीत असह्य होते. त्या कत्तलीला जत्रेचे रूप आले आहे. फ्ल्योराची भूमिका करणारा अलेक्सेई क्रावचेन्को तेव्हा किशोरवयीनच होता. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच झाले, आणि सुरुवातीचा तो गोल, उत्सुक चेहरा अखेरीस सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा झालेला असतो. हा चेहरा पुन्हा पुन्हा थेट कॅमेऱ्यात पाहतो. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आपल्यावरच येतो तेव्हा मराठी प्रेक्षकाला जे जाणवते, ते इथे जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर जाणवत राहते : पाहणाऱ्याला बाजूला उभे राहता येत नाही.

मग तो पाहावा का, असे पुढे विचारले जाते. प्रौढांनी पाहावा, असे मी ठामपणे सांगतो. मुलांना दाखवू नये. ज्यांनी नुकतेच जवळचे माणूस गमावले आहे, त्यांनी तो सध्या बाजूला ठेवावा. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यास हाती काहीच लागणार नाही, कारण त्याचे अर्धे सामर्थ्य ध्वनीत आहे. २०१७ साली व्हेनिस महोत्सवात गौरवली गेलेली त्याची पुनरुज्जीवित प्रत मिळाली तर तीच निवडावी. आणि फ्ल्योरा हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडतो, पडद्यावर इतिहास उलटा धावत जातो, आणि आईच्या मांडीवरच्या तान्ह्या हिटलरपाशी त्याची बंदूक थांबते, तिथपर्यंत उठू नये. त्याने ती शेवटची गोळी का झाडली नाही, यावर माझ्या वर्गात दर वेळी वाद होतो, आणि तो वाद मी कधीही आवरता घेत नाही.