सांबरा ते लेह : अंतर किती आणि वेळ किती

खानापूर, निपाणी भागात आर्मीत कोणी नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे लेहला पोरगं पोस्टिंगला आहे, जाऊन यायचंय, कसं जायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितोय. मामा-मामींना घेऊन आत्ताच जाऊन आलो.

नेटवर बेळगाव (आपलं सांबरा एअरपोर्ट) ते लेह सरळ अंतर साधारण २०५० किमी दाखवतं आणि विमानाला जेमतेम तीन तास. आता सरळ विमानच नाही त्यामुळे ते तीन तास विसरा. गंमत अशी की दिल्ली जवळजवळ त्याच रेषेवर येते, सांबरा-दिल्ली १४३५ आणि दिल्ली-लेह ६२० धरलं तर बेरीज तेवढीच होते, म्हणजे फेरा काहीच पडत नाही, वेळ जातो तो दिल्लीत बसून. लेहची विमानं सकाळचीच असतात, दुपारी तिथं डोंगरातला वारा सुटतो आणि ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी पातळ होते, विमानाला उचल मिळत नाही. आमचं सांबऱ्याचं विमान संध्याकाळचं, म्हणून रात्र दिल्ली एअरपोर्टवरच काढली. हवेत चार तासही नाही पण घर सोडल्यापासून लेहपर्यंत पंधरा-सोळा तास सहज गेले.

दिल्ली आली तेव्हा मामा म्हणाले, "अरे, एवढ्या वेळात आपली यष्टी हुबळीला पोचती की!"

वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं, बुकिंग करताना बघाच, आणि दिल्लीत दोन्ही विमानांचं टर्मिनल एकच आहे का तेही. निपाणी-चिकोडीवाल्यांनी कोल्हापूरहून मुंबईमार्गे जमतंय का बघावं, निपाणीला कोल्हापूरचं उजळाईवाडी एअरपोर्ट सांबऱ्यापेक्षा जवळ पडतं. गोव्याहून दिल्लीला विमानं भरपूर, पण लडाखचा सीझन म्हणजे आपला पाऊस, त्यात चोर्ला घाट... मी तरी म्हातारी माणसं घेऊन जाणार नाही.

आता महत्त्वाचं. सांबरा साडेसातशे मीटरवर, लेह एअरपोर्ट ३२५६ मीटरवर, आणि दिल्लीहून तासा-सव्वातासात तुम्ही तिथं. उतरल्यावर बरं वाटतं म्हणून लगेच फिरायला निघू नका, पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी पीत राहा. मामींचं डोकं पहिल्या रात्री चांगलंच धरलं होतं. बीपी, दमा, हार्टचं काही असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून निघा, डायमॉक्स (उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) पण त्यांनी सांगितली तरच. पँगाँगला शिवाजी महाराजांचा पुतळा बसवलाय २०२४ च्या डिसेंबरात, तो बघायची सगळ्यांना घाई असते, पण तो तलाव लेहपेक्षाही उंच आहे, तिसऱ्या दिवसाच्या आधी नकोच.

परतताना लेह-दिल्ली आणि दिल्ली-बेळगाव एकाच दिवशी जोडू नका, हवा बिघडली की लेहचं विमान रद्द होतं आणि पुढचं तिकीट वाया. लेह एअरपोर्टवर फोटो काढायचे नाहीत. पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड पाहिजेच, नाहीतर उतरल्यावर पोराला फोन कसा लावणार.