आधी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मुंबई सेंट्रलला उतरलो, तर बाहेर गुडघाभर पाणी. बूट हातात, मोजे खिशात, पँट वर खोचलेली, अशा थाटात ताडदेवला घरी पोचलो. आईने दार उघडलं आणि कसा आलास वगैरे न विचारता म्हणाली, "आधी पाय धू. तसाच आत येऊ नकोस."

मोरीत बसून पोटऱ्यांवरचा काळा चिखल घासताना मुंबईतली पायधुणी ही वस्ती आठवली. भरतीचं पाणी एके काळी तिथवर यायचं. ओहोटी गाठून खाजणातून, म्हणजे भरतीच्या खाऱ्या दलदलीतून, चालत आलेली माणसं तिथे चिखल धुवायची आणि मग मुंबईच्या बेटावर पाऊल ठेवायची, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. म्हणजे आईचा नियम बेटाएवढाच जुना.

हे पाणी आत शिरायचं महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून. 1771 ते 1784 या काळात गव्हर्नर असलेल्या हॉर्नबीच्या नावाचा बांध तिथे पडला आणि समुद्र बाहेर राहिला. आज त्या बाजूने हाजीअलीला गाड्या तुंबतात. बांध नसता तर आमच्या चाळीच्या जागी खाजणच. खाली टेम्पो लागतो तिथे ओहोटीला करडा, चकाकणारा चिखल, त्यावर टुणटुणणाऱ्या निवट्या नावाच्या मासळ्या, काठाला तिवरं आणि त्यांची चिखलातून सुयांसारखी वर आलेली मुळं. पलीकडे ताड असतील, आमच्या वस्तीच्या नावात तरी आहेत.

जुन्या मुंबईचं चित्र लोक अगदी नंदनवनासारखं रंगवतात. खाजणाचा वास घेतलेला माणूस असं बोलणार नाही. शिवाय डास. इथल्या इंग्रजांत तर म्हणच होती, की माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं.

पण माझी पंचाईत वेगळीच आहे. 1880 मध्ये सुरू झालेली प्रिन्सेस गोदी खणताना समुद्राच्या पातळीखालच्या गाळात खैराची झाडं सापडली, कित्येक मुळांवर तशीच उभी. खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे समुद्राच्या आधी तिथे रान होतं. आणि रानाच्या आधी? त्याखाली ज्वालामुखीचा काळा कातळ. "आधी इथे काय होतं?" असं विचारताना नेमकं कुठल्या आधीपाशी थांबायचं?

"पाणी कधी उतरेल गं?" मी गॅलरीतून खाली बघत विचारलं.

"भरती आहे ना, ओहोटी लागल्याशिवाय कसलं उतरतंय."

बरोबरच होतं तिचं. गटारांची तोंडं समुद्रात, भरतीला ती बुडतात. मग पावसाने जायचं कुठे? ओहोटीची वेळ बघायला पेपर शोधला, तर तो तिने बोळे करून माझ्या ओल्या बुटांत कोंबला होता.