रविवारची रात्र: पैसे होते कुठे?

शुक्रवार, 9 मे 2025. ऑफिसचं शटर अर्धं वर केलं तेवढ्यात काकी पायरीवर दिसल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन पासबुकं आणि झिलाचा, म्हणजे मुलाचा, जुना मोबाईल. पासबुकाच्या पानांत आढीतल्या गवताची एक काडी अडकलेली होती. हंगामात आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच कागदांना तो आंब्याचा वास असतो.

"बाय, तू बघ गो जरा. हप्तो दोनदा बाउन्स झालो म्हणतत. पैशे तर मी आयतवारीच धाडलंय."

देवगडात मी हिशेब लिहायचं काम करते. बागायतदारांच्या पट्ट्या (दलालाकडून येणारे विक्रीचे हिशेब), दोन हॉटेलं, एक बर्फाचा कारखाना, काही किराणा दुकानं. काकींच्या घरचे हिशेब नवऱ्याच्या माघारी त्याच बघतात. साठेक कलमं आणि एक पिकअप. पिकअप झिलगो चालवतो, हंगामात स्वतःच्या पेट्या वाशीला नेतो आणि शेजारच्याही भाड्याने नेतो. गाडीचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं, हप्ता 14,350 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. तो कापला जातो एका खाजगी बँकेतल्या खात्यातून. वाशीच्या दलालाकडून पट्टीचे पैसे मात्र जमा होतात जामसंड्याच्या एका सहकारी बँकेत, कारण ते खातं काकांच्या वेळेपासूनचं. म्हणजे दर महिन्याला पैसे एका खात्यातून दुसऱ्यात न्यायचे. एवढं सरळ काम.

मी दोन्ही पासबुकं शेजारी शेजारी उघडली.

खाजगी बँकेत 4 तारखेला शिल्लक 212 रुपये. 5 तारखेला नॅचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता आला आणि परत गेला. त्याच दिवशी 14,500 जमा, शिल्लक 14,712. त्याच संध्याकाळी रिटर्न चार्ज 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 90, एकूण 590 वजा. शिल्लक 14,122. मग 8 तारखेला कंपनीने हप्ता पुन्हा लावला. 14,350 हवे होते, खात्यात होते 14,122. पुन्हा परत, पुन्हा 590 वजा.

मी पेन्सिलीने 14,350 मधून 14,122 वजा करून काकींना दाखवलं. 228 रुपये. दुसऱ्यांदा हप्ता बाउन्स झाला तो या 228 रुपयांसाठी, आणि ते 228 कमी पडले कारण बँकेने पहिल्या दंडाचे 590 आधी उचलले. दंड घेतला नसता तर हप्ता गेला असता आणि वर 362 उरले असते. काकी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. अक्षरं त्यांना हळूहळू वाचता येतात, पण वजाबाकी चटकन कळते. आयुष्यभर शेकड्यात आंबा मोजलाय त्यांनी.

मोबाईलमध्ये फायनान्स कंपनीचे मेसेज होते. दोन वेळचे बाउन्स चार्ज, प्रत्येकी 590. शिवाय दंडशुल्क 100 आणि त्यावर जीएसटी 18. सगळी बेरीज 2,478 रुपये. त्या आठवड्याच्या पट्टीत काकींना गाडीभाडं आणि हमाली वजा जाता पेटीला 1,800 पडले होते. पाच डझनांची एक अख्खी पेटी आणि वर आणखी काही, एका रविवारच्या रात्रीपायी.

मी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी बुद्धपौर्णिमा. आज नाही झालं तर थेट मंगळवार. बर्फाच्या कारखान्याचं काम बाजूला ठेवलं.

सगळ्यात आधी हप्ता भरला. काकींच्या मोबाईलवरून थेट फायनान्स कंपनीला यूपीआयने, पावती काढून ठेवली. याची घाई मुद्दाम केली. 1 जानेवारी 2025 पासून कर्जाची माहिती क्रेडिट कंपन्यांना, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्यांना, महिन्यातून दोनदा जायला लागली होती, 15 तारखेची आणि महिनाअखेरची. 15 च्या आधी थकबाकी शून्य दिसली पाहिजे. झिलग्याला पुढच्या वर्षी दुसरी गाडी घ्यायची आहे, तेव्हा हाच कागद आडवा येतो. भांडण नंतर, हप्ता आधी, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हट्टाने हप्ता अडवून धरणारे लोक मी पाहिलेत, दंड त्यांच्यावरच वाढत गेला.

मग स्कूटरवर काकींना मागे बसवून खाजगी बँकेत गेले. जाताना माझ्या डोक्यात पक्कं होतं की चूक याच बँकेची. पैसे रविवारी निघाले, यांनी सोमवारी उशिरा जमा केले. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालतं. दर अर्ध्या तासाला व्यवहारांची एक बॅच, दिवसाला 48. बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे जमा व्हायला हवेत, नाहीतर परत जायला हवेत. मी हे सगळं ठासून सांगायच्या तयारीत होते.

तिथल्या मॅनेजरबाई तरुण होत्या, ऐकून घेणाऱ्या. त्यांनी स्क्रीनवर ती 14,500 ची नोंद उघडली आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मला लिहून दिला, सोळा अक्षरांचा. "मॅडम, हे आमच्याकडे 5 तारखेला सकाळी साडेदहाच्या बॅचला आलंय. 11 वाजून 5 मिनिटांनी जमा झालंय. हप्ता सकाळच्या सेशनला आला होता, दहाच्या आत परत गेला. तेव्हा खात्यात 212 होते."

मी गप्प झाले. पस्तीस मिनिटांत पैसे जमा केले होते त्यांनी. जी चूक मी त्यांच्या माथी मारायला आले होते ती त्यांची नव्हतीच.

काकींचं लक्ष होतं. त्यांनी मला विचारलं, पण आवाज काउंटरपर्यंत गेला, "म्हणजे सोमवारी सकाळी निघाले? मगे माझ्या खात्यातून तर आयतवारी संध्याकाळीच गेले. हयसर नाय, थयसर नाय. रात्रभर पैशे होते खय?"

तो प्रश्न मी माझ्या डोक्याने विचारला नव्हता. मी दोन टोकांकडे बघत होते, एकीकडून वजा झाले, दुसरीकडे जमा झाले. मधल्या सोळा तासांकडे काकींनी बोट दाखवलं.

त्या बँकेत एक काम तरीही होतं. पहिला दंड त्यांच्या दरपत्रकाप्रमाणे होता, त्यावर मी वाद घातला नाही. दुसऱ्या दंडासाठी मी ती पेन्सिलीची वजाबाकी टेबलावर ठेवली. नियमाचं कलम माझ्या हातात नव्हतं, हिशेब होता. म्हटलं, दुसऱ्यांदा हप्ता परत गेला तो तुम्ही घेतलेल्या 590 मुळे, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने नाही. मॅनेजरबाईंनी ती वजाबाकी स्वतः एकदा करून पाहिली. "अर्ज द्या, मी वर पाठवते," म्हणाल्या. अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. पाच दिवसांनी ते 590 परत आले. त्या बाईंचं मला आजही बरं वाटतं.

जामसंड्याला पोचेपर्यंत साडेबारा झाले. ऊन असं की स्कूटरच्या सीटला हात लावता येत नव्हता. सहकारी बँकेत काकांच्या वेळचे एक साहेब आहेत, काकींना वहिनी म्हणतात. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "वहिनी, रविवारी बँक बंद असते ना. सोमवारी उघडल्यावर पैसे पाठवले. तुम्ही शुक्रवारी पाठवायचे होते."

मी मोबाईल पुढे केला. रविवार, 4 मे, संध्याकाळी 6 वाजून 42 मिनिटं. खात्यातून 14,500 रुपये एनईएफटीसाठी वजा. तुमच्याच ॲपचा मेसेज.

"ॲप घेतं हो. पण आम्ही थेट एनईएफटीत नाही, मोठ्या बँकेमार्फत जातो. आमची फाइल सोमवारी सकाळी गेली."

हे खरं होतं. बऱ्याच लहान बँका एनईएफटीच्या थेट सदस्य नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने उपसदस्य म्हणून चालतात. त्यात गैर काही नाही. पण मग ग्राहकाला स्पष्ट सांगा की रविवारी पाठवलेले पैसे सोमवारी निघतील, आणि ते निघेपर्यंत त्याच्या खात्यात राहू द्या. इथे काकींच्या खात्यातून पैसे त्याच मिनिटाला काढून घेतले आणि रात्रभर बँकेच्या स्वतःच्या कुठल्यातरी खात्यात ठेवले. काकींनी पासबुकावर भरवसा ठेवला, कारण पासबुक म्हणत होतं की पैसे गेले.

साहेबांनी मग एक तोड सुचवली, एका रात्रीचं उशिराचं व्याज देऊ. एनईएफटीच्या उशिराला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक 2 टक्के व्याज द्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा रेपो 6 टक्के होता. 14,500 वर 8 टक्क्यांनी एका दिवसाचे होतात 3 रुपये 18 पैसे. आणि तो नियम बॅच सेटल झाल्यानंतरच्या उशिराचा. इथे पैसे बॅचमध्ये गेलेच नव्हते. मी म्हटलं, साहेब, आम्हाला व्याज नको. तुमच्याकडे पैसे थांबले म्हणून पहिला हप्ता परत गेला, त्यापायी जे 590 बँकेने आणि 590 कंपनीने घेतले, ते 1,180 तुम्ही भरून द्या.

ते जरा नाराज झाले. म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी वहिनींना उन्हात फिरवलंत. काकींनी पदराने कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमका ती एवढीशी असात. माका ती एक पेटी."

साहेब पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी कोरा कागद आणि पेन सरकवलं. अर्ज मी तिथेच लिहिला. वजा झाल्याची वेळ, यूटीआर, साडेदहाची बॅच, हप्ता परत गेल्याची वेळ, एका ओळीत एक. रागाचा एक शब्द घातला नाही. शेवटी लिहिलं की 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्यांसाठी एकच लोकपाल योजना आहे, 50 कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका तिच्यात येतात, तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, 14448 वर फोन करून विचारता येतं. पण आधी बँकेला लेखी द्यावं लागतं आणि ते 30 दिवस मोजायला पोच लागते. पोच द्यायला तिथला शिपाई टाळाटाळ करत होता, शिक्का आत आहे, साहेब जेवायला गेलेत. आम्ही बाकावर बसलो. पाऊण तासाने शिक्का आला.

फायनान्स कंपनीला संध्याकाळी ईमेल केला. दुसऱ्या बाउन्सची तीच वजाबाकी पाठवली, आणि दंडशुल्कावरच्या 18 रुपये जीएसटीबद्दल वेगळं लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या आदेशाप्रमाणे कर्जावर जे दंडशुल्क लावतात त्यावर जीएसटी लागत नाही, हे जीएसटीच्या 28 जानेवारी 2025 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. 18 रुपये लहान रक्कम आहे, पण माझं कामच ते आहे. जो कर लागतच नाही तो गरिबाकडून घेतलेला मला बघवत नाही. कंपनीने 18 रुपये काढले, दुसऱ्या बाउन्सचे 590 पण काढले. शंभर रुपयांचं दंडशुल्क राहिलं.

सहकारी बँकेचं उत्तर यायला 26 दिवस लागले. त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला, झाडावरचा उरलासुरला आंबा खाली गेला, आणि काकी आल्या त्या डोक्यावर इरलं नाही पण प्लास्टिक घेऊन, ओल्या पायांनी. पासबुक मात्र दोन पिशव्यांत गुंडाळलेलं कोरडं. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, वाच.

चार जूनची ओळ होती. चार्जेस परतावा, 1,180, जमा.

"आता बाकी किती रवले?"

"शंभर, काकी. कंपनीचे."

"ते पण लिव."

मी लिहिलं. आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडच्या बाकी लोकांची एप्रिल-मेची स्टेटमेंटं काढून बसले. त्या बँकेच्या ॲपवरून शनिवारी-रविवारी हप्त्यासाठी पैसे पाठवलेले आणखी तिघं सापडले. दोघांना सोमवारी दंड बसला होता. एक तारामुंबरीचे होडीवाले, एक कुणकेश्वरच्या वाटेवर चहाचं दुकान चालवणारी बाई. दोघांनाही वाटत होतं की आपणच पैसे उशिरा पाठवले असतील. मी आधी होडीवाल्यांना फोन लावला आणि मेसेजची वेळ वाचून दाखवायला सांगितली.