ताप उन्हाचा नव्हता

नागपुरात मे महिन्यात कुणाला ताप आला की घरचे आधी ‘ऊन लागलं’ असंच धरतात. पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या गावात त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पारडीच्या त्या बाईंनाही कैरीचं पन्हं पाजून झालं, उशाशी कांदा ठेवून झाला. मग गोळ्या सुरू झाल्या. पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं की ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा संध्याकाळी अंग तापायचं. धंतोलीतल्या एका रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा वजन पार उतरलं होतं आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर काहीतरी चिकटलेलं, हलणारं दिसलं. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस हा जंतू वाढला. या जंतूचं नेहमीचं घर म्हणजे आपलं तोंड. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी मला, दातांच्या डॉक्टरला, वॉर्डात बोलावलं.

मी टॉर्च काढला तसे नवरोबा वैतागले. “मॅडम, बिमारी छातीत, अन् तुमी दात काहून पाहून राहिल्या?”

खालच्या दोन दाढांची नुसती मुळं उरली होती, वरची एक दाढ आतून पोखरलेली. पुढच्या दातांच्या मागे टणक पिवळा थर. हिरडीला प्रोब, म्हणजे तपासायची बारीक सळी, लावताच रक्त आलं.

“दुखत नाही?”

“नाही न. ब्रश केला का रक्त येते, म्हणून घासणंच कमी केलं.”

हे मी रोज ऐकते. रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं, मग थर वाढतो, हिरडी आणखी सुजते आणि रक्तही वाढतं. सुजलेल्या हिरडीतून घास चावतानासुद्धा जंतू रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचं शरीर ते थोड्याच वेळात निपटून टाकतं. पण या बाईंना लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. तो संधिवाताचा ताप झडप खडबडीत करून गेला होता, आणि हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. अशा झडपेवर जंतूंना चिकटायला जागा मिळते. वर रक्तातल्या गुठळीचा थर बसला की शरीराच्या संरक्षक पेशीही तिथवर नीट पोचत नाहीत. तोकड्या कोर्सनी हे बरं होत नाही. उलट कल्चरच्या आधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं तर जंतू बाटलीत पुष्कळदा वाढतच नाही आणि निदान लांबतं. इथे तो वाढला, हे नशीबच.

व्हॉट्सॲपवर ‘हिरड्या खराब तर हार्ट अटॅक नक्की’ असे फॉरवर्ड येतात, त्यांचा मला राग येतो. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार पुष्कळदा एकत्र दिसतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं. झडपेच्या संसर्गाची गोष्ट वेगळी. तिथे तोंडातला जंतू थेट रक्तातच सापडतो.

शिरेतून चार आठवडे इंजेक्शनं ठरली. ताप उतरल्यावर, इंजेक्शनं चालू असतानाच, दाढा काढायच्या होत्या. तर सासूबाई आडव्या. “वरची दाढ काढली तं डोळे जाते म्हणतात.” मी म्हटलं, आजी, वरच्या दाढेच्या मुळांवर गालाच्या हाडातली पोकळी असते, डोळ्याची नस तिथून जात नाही. चाळिशीत दाढही जाते आणि चष्माही लागतो, म्हणून लोक दोन्हींची गाठ मारतात. आजींना किती पटलं कोण जाणे, पण सही झाली.

सुटी होताना बाईंना एक कार्ड दिलं: पुढे कधीही दात काढायचा किंवा हिरडीखालची सफाई करायची असेल तर अर्धा ते एक तास आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, कारण एकदा झडपेला संसर्ग झाला की ही खबरदारी जन्मभराची. आणि ब्रश दोन वेळा, रक्त आलं तरी.

मग नवऱ्याला तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं उभी जायला हवीत, दोनही जेमतेम गेली. गाल आतून पांढरे, ताठ. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, किती खाता, विचारलं. “दिवसाचे चार-पाच. पण मॅडम, मले काई तरास नाही.”

त्याचा केसपेपर त्याच दुपारी काढायला लावला.