मोर रुसला की ‘मोरोस’

कठीण इंग्रजी शब्द लक्षात ठेवायचा तर त्याच्या उच्चाराशी जुळणारा मराठी शब्द शोधा आणि अर्थासह त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मोरोस म्हणजे घुम्या, खिन्न: कोपऱ्यात रुसून बसलेला मोर. पॉसिटी म्हणजे तुटवडा: डब्यात उरलेले पावशेर तांदूळ. १९७५ साली ॲटकिन्सन आणि रॉ या अमेरिकी संशोधकांनी रशियन शब्दांवर हीच युक्ती तपासली होती.

चित्रात अर्थ दिसलाच पाहिजे. नुसता मोर आठवला, त्याचे रुसणे आठवले नाही, तर खूण वाया गेली. शिवाय खूण उच्चार बिघडवते; मोरोसमध्ये जोर शेवटी, ‘रोस’वर येतो. म्हणून शब्दकोशातला उच्चार आधी ऐका. पॉसिटीसोबत बहुधा पुरावा, माहिती असे शब्द येतात, तेव्हा एक पूर्ण वाक्यही लिहाच.

लोक्वेशस (बडबड्या), एलोक्वंट (प्रभावी बोलणारा), सोलिलोक्वी (स्वगत) यांना मात्र चित्र नको. बोलणे या अर्थाचा लॅटिन धातू तिन्हींत आहे. तरी धातूवर डोळे झाकून विसंबू नका: एनर्व्हेट ऐकून जोम आठवतो, अर्थ मात्र गळाठून टाकणे.

रोज आठ शब्द पुरेत. दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी मराठी अर्थ वाचून इंग्रजी शब्द आठवा. ही उलटी दिशाच जास्त अडते.