हातात धरता येईल असा बार

रविवार, रात्र

रुबार्ब (जिचे आंबट देठ खातात ती वनस्पती) आणि स्ट्रॉबेरी यांचे हंगाम वसंत सरता सरता जेमतेम काही आठवडे एकत्र येतात. म्हणून सकाळी रुबार्बच्या देठांची जुडी हाती येताच बाकीची कामे बाजूला सारून क्रम्बल बार, म्हणजे खाली-वर मैदा-लोण्याचा चुरा आणि मध्ये फळांचे सारण असलेल्या भाजलेल्या वड्या, करायला घेतले. गेल्या वर्षीची फजिती मनात होतीच. तेव्हा ओव्हनमधून काढल्या काढल्या, वासाला भुलून मी ट्रेमध्ये सुरी फिरवली होती आणि बारऐवजी गरम लगदा पाहुण्यांना वाटीतून द्यावा लागला होता. चवीला तो उत्तम होता, पण बार म्हटला की हातात धरून खाता आला पाहिजे.

सारा प्रश्न पाण्याचा आहे. रुबार्बमध्ये सुमारे ९४ टक्के आणि स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असते. त्यातच साखर पडली की ती फोडींमधले पाणी बाहेर ओढून घेते. हे पाणी ओव्हनमध्ये सुटले तर खालचा थर भिजणार, तेव्हा ते आधीच काढून घ्यावे, असे या वेळी ठरवले. ३०० ग्रॅम रुबार्बचे दीड सेंटिमीटरचे तुकडे आणि २५० ग्रॅम स्ट्रॉबेरीच्या फोडी ८० ग्रॅम साखरेत घोळवून अर्धा तास चाळणीत ठेवल्या. खाली जमलेला गुलाबी रस फेकवेना, म्हणून तो स्टीलच्या पातेल्यात आटवून दोन-तीन चमचे उरल्यावर थंड करून पुन्हा फळांत मिसळला. (ॲल्युमिनियमचे भांडे मुद्दाम टाळले, कारण इतक्या आंबट रसाची त्या धातूशी प्रक्रिया होते.) रुबार्बची पाने मात्र निवडतानाच टाकून दिली होती, कारण त्यांत ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण फार असते आणि ती विषारी असतात.

तसे पाहिले तर रुबार्ब ही भाजी. अमेरिकेतील सीमाशुल्क न्यायालयाने १९४७ मध्ये तिला फळ ठरवले, कारण स्वयंपाकघरात तिचा वापर फळासारखा होतो. मला तो निकाल पटतो.

आजच्या जुडीतले निम्मे देठ हिरवे होते, पण त्याने काही अडले नाही. देठ लाल म्हणजे गोड, हा निव्वळ समज आहे. शिवाय रंगाची उणीव स्ट्रॉबेरी भरून काढते आणि तिचा लाल रंग आंबट सारणात चांगला टिकतो.

चुऱ्यासाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ आणि १५० ग्रॅम थंड लोणी घेतले. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळत राहिले आणि मूठ दाबल्यावर मुटका वळू लागताच हात थांबवला. आणखी चोळले असते तर लोणी वितळून चुऱ्याची कणीक झाली असती. दोन तृतीयांश चुरा बटर पेपर घातलेल्या २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये घट्ट दाबला आणि तो थर नुसताच १२ मिनिटे भाजून घेतला. हे काम मला नेहमीच कंटाळवाणे वाटते, पण वरून ओले सारण पडायचे असेल तर ते टाळून चालत नाही. सारणात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळून ते पसरले, उरलेला चुरा वर भुरभुरला आणि ट्रे १८० अंशांवर ठेवला.

चाळीस मिनिटांनी वरचा चुरा सोनेरी झाला होता, तरी मी ट्रे बाहेर काढला नाही. कडेचा रस उकळत असला तरी मधला अजून शांत होता आणि सारण नीट उकळल्याशिवाय कॉर्नफ्लोअरचा कच्चेपणा जात नाही, रसही दाटत नाही. आणखी सात मिनिटांनी मध्यभागीही जाड, संथ बुडबुडे येऊ लागले. त्या वेळीही सारण पातळच दिसत होते, कारण ते धरते ते निवताना. गेल्या वर्षी मी नेमकी इथेच घाई केली होती.

या वेळी ट्रे तीन तास जाळीवर निवू दिला आणि मी स्वयंपाकघराकडे फिरकले नाही. संध्याकाळी बटर पेपरसकट सगळा चौकोन उचलला, तेव्हा तो वाकला नाही. सोळा तुकडे केले. कडेचे बारा सुरेख कापले गेले, मधले चार किंचित मऊ निघाले, पण तेही हातात धरता आले. रुबार्बचा आंबटपणा आधी जिभेला लागतो आणि स्ट्रॉबेरी मागून येते. साखर आणखी १० ग्रॅम कमी चालली असती, असे मला वाटले. घरात मात्र कोणाला ते पटले नाही.

उरलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवले आहेत. उद्यापर्यंत वरचे ओट्स मऊ पडतील, म्हणून कोपऱ्यातला एक तुकडा आताच काढून घेतला आहे.