खंदकातला महामार्ग आणि वळसा घालणारी कार

उट्रेक्ट या डच शहराचं स्टेशन कुठे संपतं आणि मॉल कुठे सुरू होतो, ते पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही. आगगाडीतून उतरून सरकत्या जिन्याने वर यायचं आणि बॅग ओढत दुकानांच्या रांगांमधून चालत राहायचं, की आपोआप जुन्या शहराच्या तोंडाशी पोहोचतो. होख कॅथरायने हे या मॉलचं नाव. १९७३ साली तो उघडला, तेव्हा नेदरलँड्समध्ये त्याचं मोठं कौतुक झालं होतं म्हणतात. मला तो इतर कुठल्याही मॉलसारखाच वाटला. फरक एवढाच, की मध्येच एका ठिकाणी खाली पाहिलं तर पाणी दिसतं आणि पायाखालून होड्या जात असतात.

हे पाणी म्हणजे शहराचा जुना खंदक. उट्रेक्टला ११२२ साली शहराचे हक्क मिळाले आणि गावाभोवती खंदक खणला गेला. एकोणिसाव्या शतकात तटबंदीची गरज संपली. तेव्हा तट उतरवून झोखर नावाच्या रचनाकाराच्या आराखड्यानुसार खंदकाकाठी बाग केली गेली. मोठाली झाडं, वळणावळणाची पायवाट, हिरवळीवर पसरलेले विद्यार्थी. आजही शहराच्या पूर्व बाजूने चालत गेलं तर ही बाग सोबत असते.

पश्चिमेच्या भागाचं नशीब वेगळं निघालं. १९५८ मध्ये फॉइश्टिंगर या जर्मन वाहतूकतज्ज्ञाने शहराला सल्ला दिला, की खंदक बुजवा आणि त्या जागी मोटारींसाठी वर्तुळाकार रस्ता करा. तो काळच तसा होता. मोटार म्हणजे भविष्य आणि पाणी म्हणजे वाया गेलेली जागा. लोकांनी विरोध केला, खंदकाच्या बऱ्याच भागाला स्मारकाचा दर्जा मिळाला आणि तो वाचला. स्टेशनजवळचा कॅथरायनेसिंगल हा तुकडा मात्र गेला. त्यातलं पाणी काढून तळाशी अनेक पदरी रस्ता झाला. वर्तुळाची बाकीची कमान कधी झालीच नाही, त्यामुळे हा महामार्ग जेमतेम किलोमीटरभर धावून संपायचा. मी जुने फोटो पाहिले. खोल काँक्रीटची चर, आत गाड्या, वर मॉलच्या भिंती. ज्याने हे काढलं असेल त्याला कागदावर ते फार सुटसुटीत दिसलं असणार.

२००२ साली स्टेशन परिसराचं काय करायचं यावर शहरात सार्वमत झालं. लोकांनी जो आराखडा निवडला त्यात पाणी परत आणायचं होतं. १२ सप्टेंबर २०२० रोजी खंदकाचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं. म्हणजे लोकांनी मत दिल्यापासून अठरा वर्षं! समाजमाध्यमांवर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी टाकून ‘असं करायला हवं’ म्हणणाऱ्यांना ही मधली वर्षं दिसत नाहीत. मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटतात. मधल्या काळात निवडणुका झाल्या, सत्ता बदलली, आणि तरी आराखडा कुणी गुंडाळून ठेवला नाही.

मी कठड्यावर बसले होते तेव्हा खालून शाळकरी मुलांची एक कयाक गेली. वल्ही एकमेकांवर आपटत होती आणि मागचा मुलगा पुढच्यावर ओरडत होता. इथे कधी काळी रस्ता होता हे त्यांना सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

माझी मामेबहीण, आमची शुभाताई, उट्रेक्टमध्ये बरीच वर्षं राहते. तिने मला भेटायला बोलावलं ते स्टेशनखालच्या सायकलतळावर. ‘दुसरं काही नाही पाहिलंस तरी चालेल, पण हे बघ,’ म्हणाली. १२,५०० हून अधिक सायकली मावतील असा हा तीन मजली तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. जगातला सर्वांत मोठा, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. मला आकड्यापेक्षा रचना आवडली. सायकलवरून न उतरता आत शिरता येतं. उतार इतका सौम्य की दमायला होत नाही. कुठल्या रांगेत किती जागा शिल्लक आहेत ते वर पाटीवर झळकत असतं. पहिले २४ तास पैसे नाहीत. सायकल लावायची, जिना चढायचा, समोर फलाट. पाच मिनिटांत माणूस आगगाडीत बसलेला असतो.

आणि एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ‘ते काय, डच लोक जन्मतःच सायकलवाले’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. महायुद्धानंतर हा देशही मोटारींच्या मागेच धावत होता. वरची खंदकाची कथा त्याच धावपळीतली. १९७१ साली नेदरलँड्सच्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘बालहत्या थांबवा’. लगोलग १९७३ चं तेलसंकट आलं आणि रविवारी गाड्या चालवायला बंदी झाली. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली आणि स्केट घेऊन फिरले. आजचे ते लाल डांबराचे सायकलमार्ग अशा भांडणांतून आले आहेत, रक्तातून नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाउटेनला गेलो. खरं तर मी उट्रेक्टला आले होते ती या गावासाठीच.

हाउटेन हे उट्रेक्टच्या दक्षिणेला. साठच्या दशकात काही हजार वस्तीचं खेडं होतं. वाढत्या लोकसंख्येसाठी सरकारने इथे नवं गाव वसवायचं ठरवलं आणि आराखडा रॉब डर्क्स या रचनाकाराकडे गेला. आज वस्ती ५०,००० च्या आसपास आहे. डर्क्सची कल्पना सांगायला सोपी आहे. गावाभोवती एक गोल रस्ता. आतल्या प्रत्येक वस्तीत या गोल रस्त्यावरून मोटारीने शिरता येतं, पण एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत थेट जाता येत नाही. परत बाहेर पडायचं, गोल रस्ता धरायचा, वळसा घालायचा आणि पुन्हा आत यायचं. सायकल आणि पायी चालणाऱ्यांना मात्र सगळं मोकळं. गावाच्या मधोमध हिरवळीतून सायकलचा मुख्य मार्ग जातो, आणि शाळा, दुकानं, स्टेशन त्यालाच लागून आहेत.

ताई आणि मी उट्रेक्टहून सायकलनेच निघालो. भाऊजींचं सायकलशी फारसं पटत नाही, ते कारने आले. ताईच्या मैत्रिणीकडे जेवण झालं. मग गावाच्या मध्यावरच्या चौकात कॉफी प्यायला जायचं ठरलं. भाऊजी म्हणाले, ‘‘चल, तू माझ्याबरोबर बस, सायकल इथेच राहू दे. कशाला दमतेस?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्ही व्हा पुढे. बघू कोण आधी पोहोचतं.’’

आमचा रस्ता असा होता: घराच्या मागून एक गल्ली, मग तळ्याच्या काठाने, मग शाळेच्या कुंपणाला लागून. एकही सिग्नल नाही. एके ठिकाणी मोटारींचा रस्ता आडवा आला, पण तिथे थांबायचं होतं ते गाडीवाल्याने. काही गल्ल्यांच्या तोंडाशी लाल पाटी होती: ही सायकलींची वाट, मोटार इथे पाहुणी. आमच्या मागून खरंच एक डिलिव्हरीची गाडी येत होती, सायकलच्या वेगाने, हॉर्नचा आवाज न करता. एक सात-आठ वर्षांची मुलगी एकटीच सायकलवरून, पाठीला व्हायोलिनची पेटी अडकवून, आम्हाला ओलांडून गेली. तिच्या मागेपुढे कुणी मोठं माणूस नव्हतं. मी ताईकडे पाहिलं, तर तिला त्यात पाहण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

कॉफी समोर आली, अर्धी संपली, तेव्हा भाऊजी आले. आधी गोल रस्त्याला लागले, वळसा घातला, दुसऱ्या फाट्याने आत शिरले, मग पार्किंग शोधलं. ‘‘या गावाने माझ्याविरुद्ध कट केलाय,’’ म्हणाले. तसं पाहिलं तर ते शब्दशः खरं आहे.

हाउटेनबद्दल वाचताना माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं, की तिथे मोटारी नसतील. तसं अजिबात नाही. बहुतेक घरांसमोर गाडी उभी दिसली. गोल रस्त्यावरून सरळ हमरस्त्याला लागता येतं, त्यामुळे गावाबाहेर कामाला जाणारे खुशाल कारने जातात. डर्क्सने गाडी बंद केली नाही, गावातल्या गावात तिचा उपयोग काढून घेतला. दूध आणायला, मुलाला शाळेत सोडायला, स्टेशनवर जायला ती घेणं नुसतं गैरसोयीचं. मनाईची पाटी नाही, दंड नाही, उपदेश तर नाहीच. नुसते सायकलमार्ग आखून हे साधलं नसतं. मोटारीचा जवळचा रस्ता काढून घेतला, म्हणून साधलं. ज्या शहरांत रस्त्याकडेला रंगाचा पट्टा मारून त्याला सायकलमार्ग म्हणतात, तिथे नेमका हाच अर्धा भाग गाळलेला असतो, कारण तो राजकीयदृष्ट्या अवघड आहे.

गाव म्हणून हाउटेन मला कंटाळवाणं वाटलं, तेही सांगून टाकते. त्याच त्या विटांची, त्याच त्या उंचीची घरं. संध्याकाळी चौकात चिटपाखरू नाही. उट्रेक्टच्या कालव्याकाठी पाण्याच्या पातळीला लागून जुनी तळघरं आहेत, तिथे रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, आणि तो गोंधळ कुठल्याही आराखड्यात आधी काढून ठेवता येत नाही. मुलं लहान असताना हाउटेनमध्ये राहावं आणि मुलांनी मोठं झाल्यावर तिथून पळ काढावा, असं ताईची मैत्रीणच हसत म्हणाली. तिच्या दोन्ही मुलांनी तेच केलंय.

निघण्याआधी ताईने आणखी दोन जागा दाखवल्या. एक म्हणजे डाफ्ने स्खिपर्स पूल, उट्रेक्टच्या धावपटूच्या नावाचा, २०१७ सालचा. कालवा ओलांडणाऱ्या या सायकलपुलाची चढण चक्क एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून जाते. जागा कमी होती, शाळा, बाग आणि पूल तिन्ही हवे होते, मग एकावर एक रचले.

दुसरी जागा म्हणजे मेरवेडे. कालव्याकाठच्या २४ हेक्टर जुन्या औद्योगिक जमिनीवर सुमारे १२,००० लोकांसाठी ६,००० घरं व्हायची आहेत. आतल्या रस्त्यांवर मोटारी नसतील आणि दर घरामागे पार्किंगच्या जागा ०.३, म्हणजे तीन घरांत मिळून जेमतेम एक. बाकीच्यांनी सायकल, बस, नाहीतर सामायिक कार वापरायची. रोजची गरज दहा मिनिटांच्या आत भागली पाहिजे, असं उट्रेक्टच्या २०४० पर्यंतच्या धोरणात म्हटलंय, आणि मेरवेडे ही त्याची पहिली मोठी परीक्षा. हाउटेनने गाडी दारात ठेवू दिली, इथे ती दारातूनच हलवायची आहे. हे कितपत जमेल याबद्दल मी साशंक आहे. वळसा घालायला लावणं वेगळं आणि गाडी विकायला लावणं वेगळं.

ताईचं घर मेरवेडेपासून फार लांब नाही. जेवताना विषय निघाला तेव्हा भाऊजींचा हिशेब तयार होता.

‘‘तीन घरांत एक जागा. उरलेल्या दोघांच्या गाड्या लागणार कुठे? आपल्या गल्लीत!’’

‘‘मग आपणच तिकडे राहायला जाऊ,’’ ताई म्हणाली. ‘‘म्हणजे आपली गाडी दुसऱ्याच्या गल्लीत.’’

भाऊजींनी उत्तर न देता भात वाढून घेतला. नवीन घरांसाठी नाव नोंदवायचं की नाही, हे मी परत निघेपर्यंत त्यांचं ठरलेलं नव्हतं.